हरिकेन येत असताना घर सोडावे की थांबावे? तुमचे अनुभव

अमेरिकेत ह्यूस्टनपासून टॅम्पापर्यंतच्या आखाती किनाऱ्यावर आता मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि जून ते नोव्हेंबर या हरिकेनच्या, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांच्या, मोसमात प्रत्येक घरात हा वाद एकदा तरी होतो. घरे रिकामी करण्यासाठी ठरवलेले स्थलांतराचे विभाग वाऱ्याच्या वेगावर नव्हे, तर वादळाने किनाऱ्यावर लोटलेले उधाणाचे पाणी कुठवर चढेल यावर आखलेले असतात, एवढे गृहीत धरून लिहावे. निर्णय कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घेतला, हे सविस्तर सांगावे; नुसते ‘देवाच्या कृपेने वाचलो’ नको.

क्लिअर लेक, टेक्सास

कत्रिना हरिकेनने न्यू ऑर्लिन्स बुडवून महिनाही झाला नव्हता, तोच सप्टेंबर २००५ मध्ये रीटा आमच्या दिशेने निघाली. छपरांवर अडकलेली माणसे टीव्हीवर सर्वांनीच पाहिली होती, त्यामुळे ज्यांना आदेश होता ते निघालेच, पण ज्यांना नव्हता तेही निघाले आणि सुमारे २५ लाख लोक एकाच वेळी रस्त्यावर आले. डॅलसकडे जाणाऱ्या आय-४५ महामार्गावर गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या. पेट्रोल पुरावे म्हणून आम्ही एसी बंद ठेवला होता. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई डोक्यावर ओला पंचा घेऊन मागे बसल्या होत्या आणि शेजारच्या गाडीतल्या अनोळखी मुलांना खिडकीतून दशम्या देत होत्या. ह्यूस्टनकडे येणाऱ्या मार्गिका रिकाम्या दिसत असूनही त्या आमच्यासाठी खुल्या व्हायला फार उशीर झाला. डॅलसजवळ वृद्धाश्रमातील रहिवाशांना नेणारी बस पेटून २३ जण दगावले. एवढे सगळे होऊन रीटा लुइझियानाच्या सीमेकडे वळली. टेक्सासमधले बहुतेक मृत्यू वादळात नव्हे, तर या पळापळीतच झाले.

साहजिकच २००८ मध्ये आइक आले, तेव्हा ‘पुन्हा ते हाल नकोत’ म्हणत आमच्या गल्लीतल्या अनेकांनी थांबायचे ठरवले. शिवाय पाचांपैकी कॅटेगरी २ म्हणजे किरकोळ, असाही समज होता. आमचा झिप कोड (पिनकोड) घर सोडण्याच्या आदेशाच्या यादीत दिसताच आम्ही मात्र पहाटेच निघालो, आणि या खेपेस रस्ता बराच मोकळा मिळाला. कॅटेगरी फक्त वाऱ्याची असते. त्याच ‘किरकोळ’ वादळाच्या पाण्याने बोलिव्हर द्वीपकल्पावरच्या वस्त्याच्या वस्त्या धुऊन नेल्या.

गॅल्व्हेस्टन, टेक्सास (आइकच्या वेळी)

मी बेटावरच्या रुग्णालयात नोकरीला होते आणि थांबणाऱ्यांच्या यादीत माझे नाव होते, त्यामुळे माझ्यापुढे हा प्रश्नच नव्हता. नवरा मुलीला घेऊन ऑस्टिनला गेला. एक-दोन मजली घरांत थांबणाऱ्यांना मृत्यू अटळ असल्याचा इशारा राष्ट्रीय हवामान सेवेने उघडउघड दिला होता, तरी हजारो लोक बेटावर राहिले. ते सारेच हट्टी नव्हते. कित्येकांकडे गाडी नव्हती, किंवा मोटेलला द्यायला पैसे नव्हते, हे आपल्या चर्चांत सहसा येत नाही.

पश्चिम ह्यूस्टन

हार्वी किनाऱ्यावर आले ते २५ ऑगस्ट २०१७ रोजी, ऐन गणेश चतुर्थीला. शहराने घरे सोडण्याचा आदेश दिला नाही. ६५ लाख लोकांना रस्त्यावर काढता येणार नाही, ही महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांची भूमिका रीटा अनुभवलेल्या कोणालाही पटण्यासारखी होती, आणि मला ती आजही पटते. आम्ही समुद्रापासून दूर, म्हणून निश्चिंत. दीड दिवसाच्या बाप्पांचे विसर्जन गॅरेजमध्ये बादलीत केले. पाणी आले ते समुद्राचे नव्हे, तर अ‍ॅडिक्स आणि बार्कर या तुडुंब भरलेल्या जलाशयांतून शहरातल्या बफेलो बायू या संथ नदीत सोडलेले. पाऊस ओसरत आल्यावर पाणी चढू लागले, हे बाबांना काही केल्या उमगेना. शेवटी शेजाऱ्याच्या मासेमारीच्या बोटीतून बाहेर पडलो. आवर्जून सांगतो: घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो, आणि केंद्र सरकारच्या योजनेतून पूरविमा घेतला तरी तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाला नाव मिळाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

टॅम्पा, फ्लोरिडा

आमचे घर विभाग ‘ए’मध्ये, म्हणजे उधाणाचा धोका सर्वांत जास्त असलेल्या स्थलांतर विभागात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन आमच्यापासून बरेच दूर, खोल समुद्रातून उत्तरेकडे निघून गेले, तरीही टॅम्पाच्या उपसागराचे (टॅम्पा बे) पाणी घरात शिरले. भिजलेले सोफे आणि गाद्या अजून रस्त्याकडेलाच पडल्या होत्या, तोवर ऑक्टोबरमध्ये मिल्टन आले, आणि तेही थेट टॅम्पावर येणार असा अंदाज होता. पुण्याहून आलेले वडील म्हणाले, ‘‘एवढ्या लांब कुठे धावायचे?’’ आईचे इन्सुलिन, सर्वांचे पासपोर्ट आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा एवढे घेऊन आम्ही ऑरलँडो गाठले. मिल्टन ९ तारखेच्या रात्री आमच्या दक्षिणेला, सिएस्टा की येथे धडकले, वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागले आणि आमच्या उपसागराचे पाणी चढण्याऐवजी ओसरले. घर जसेच्या तसे! वडील अजूनही ऐकवतात. शिवाय त्याच वादळातल्या टोर्नेडोंनी पलीकडच्या अटलांटिक किनाऱ्यावर माणसे मारली, म्हणजे पूर्वेकडे दूर पळाले की जीव वाचतो, असेही नाही.

आमच्यापुरते आता ठरले आहे. ‘ए’साठी आदेश आला की निघायचे, त्यावर चर्चा नाही, जायचे मात्र उंचावरच्या जवळच्या घरी, शेकडो मैल नव्हे. ब्रँडनच्या बाजूला विभागांबाहेर राहणारे एक स्नेही तयार आहेत. त्यांच्याकडे जनरेटर आहे, त्यामुळे आईच्या इन्सुलिनसाठी फ्रिजचीही सोय होते.