पहिल्या हाफ मॅरेथॉनसाठी वेळेचे लक्ष्य ठेवावे का?

घाटपायरी

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यंदा पहिल्यांदाच धावणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने परवा मला विचारले की किती वेळेचे टार्गेट ठेवू. कोणतेच ठेवू नकोस, असे मी त्याला सांगितले आणि त्यावरून आमच्या सकाळच्या गटात चांगलाच वाद झाला. तोच वाद येथे मांडतो आहे, कारण माझे मत अनुभवातून आलेले असले तरी तो अनुभव एकट्याचा आहे.

माझे म्हणणे असे की, पहिल्या 21.0975 किलोमीटरची तयारी करताना घड्याळातला आकडा हे लक्ष्य असू नये. बहुतेक नवखे ‘दोन तासांच्या आत’ असे ठरवतात. त्याचा हिशोब किलोमीटरमागे साधारण 5 मिनिटे 41 सेकंद असा पडतो, आणि हा आकडा एकदा डोक्यात बसला की मंगळवारच्या हलक्या धावेतही तो डोके वर काढतो. हलकी धाव म्हणजे शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल अशी धाव. आठवड्यातला बहुतांश सराव याच गतीने व्हायला हवा, हे सगळ्यांना पाठ असते. पण स्ट्राव्हा या धावांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ, सात मिनिटांच्या पुढचा दिसला की लाज वाटते आणि पाय आपोआप उचलले जातात. माझे असेच झाले. सोळा आठवड्यांच्या सरावातल्या अकराव्या आठवड्यात मी नडगी धरून रस्त्याच्या कडेला बसलो. पुढे सहा आठवडे धावणे बंद राहिले आणि त्या वर्षीचे बिब (शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांक) अजूनही कपाटात कोरे पडले आहे.

साताऱ्याच्या मार्गाचाही विचार करावा. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने जाऊन वळायचे आणि त्याच रस्त्याने खाली यायचे. पहिला निम्मा भाग बराचसा चढाचा, उरलेला बराचसा उताराचा आणि वर पाऊस व धुके. अशा रस्त्यावर सरासरी पेस काय सांगणार? म्हणून मी सहकाऱ्याला तीन गोष्टी दिल्या: आठवड्यातून चार सकाळी बाहेर पडायचे, रविवारची लांब धाव हळूहळू 18 किलोमीटरपर्यंत न्यायची आणि घाट लहान पावलांनी पण न थांबता चढायला शिकायचे. या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात आहेत. शर्यतीच्या दिवशीची वेळ हवेवर, झोपेवर आणि पोटावरही अवलंबून असते.

पेडररोडचा चढ

आपल्या नडगीबद्दल सहानुभूती आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. दुखापत लक्ष्य ठेवल्यामुळे झाली, असे आपण म्हणता. माझ्या मते ती लक्ष्य हवेतून उचलल्यामुळे झाली. ‘दोन तास’ हा आकडा आपल्याला कोणी सांगितला? तो गोल आहे आणि ऐकायला बरा वाटतो, यापलीकडे त्याचा आपल्या शरीराशी काही संबंध होता का?

वेळ ठरवण्याची साधी रीत आहे. सपाट रस्त्यावर मनापासून 10 किलोमीटर धावून पाहावे. पीट रीगेल या अमेरिकी अभियंत्याने 1977 मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे अंतर दुप्पट झाले की वेळ दुपटीहून साधारण चार टक्के जास्त लागतो. या हिशोबाने 62 मिनिटांत 10 किलोमीटर धावणाऱ्याची हाफ मॅरेथॉन सुमारे 2 तास 17 मिनिटांत होईल. दोन तासांत पोहोचायचे असेल तर तेच 10 किलोमीटर साधारण साडेचोपन्न मिनिटांत यायला हवेत. सूत्रात लांब धावांची तयारी गृहीत धरलेली आहे, म्हणून नवख्याने त्यावर आणखी पाचेक मिनिटे चढवावीत. असा आकडा हाती आला की हलकी धाव किती हलकी असावी तेही त्यातूनच ठरते. आपला सहकारी आकड्याविना हे कशावरून ठरवणार आहे?

2024 च्या जानेवारीत मी मुंबईत पहिली हाफ धावलो. माहीमहून अंधारात निघायचे आणि थोड्याच वेळात सी लिंकवर चढायचे. एरवी जिथे पायी पाऊल टाकता येत नाही, तिथे समुद्राचा वारा अंगावर घेत धावताना माणसाचे भान सुटते. माझ्या आजूबाजूचे लोक अक्षरशः उधळले होते. मी मात्र सव्वादोन तासांच्या हिशोबाने 6 मिनिटे 24 सेकंदांचा पेस धरून राहिलो, आणि त्यातले कित्येक जण मला पुढे पेडर रोडच्या चढावर कमरेवर हात ठेवून चालताना भेटले. त्या दिवशी मला आवरून धरणारा तो आकडाच होता.

लक्ष्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांचा मुख्य निष्कर्षही हाच आहे: नेमके आणि थोडे अवघड लक्ष्य समोर असलेला माणूस ‘जमेल तितके करा’ असे सांगितलेल्या माणसापेक्षा चांगली कामगिरी करतो.

घाटपायरी

त्याच दोघांनी याला एक अपवादही सांगितला आहे, तो आपण गाळलात. काम गुंतागुंतीचे असेल आणि ते करण्याचे कौशल्यच अजून अंगात नसेल, तर निकालाच्या अवघड लक्ष्यापेक्षा शिकण्याचे लक्ष्य जास्त उपयोगी पडते. पहिली हाफ मॅरेथॉन हे अगदी असेच काम नाही का? पाणी कधी प्यायचे, उतारावर गुडघ्यांना कसे सांभाळायचे, सकाळी काय खाल्लेले सोसते, यातले काहीच त्याला माहीत नाही. आपण मुंबईत 6:24 वर स्थिर राहू शकलात, कारण आपल्याला स्थिर धावता येत होते. ज्याला ते येत नाही त्याच्या हातात आकडा दिला, तर तो किलोमीटरागणिक घड्याळाशी भांडत बसेल.

10 किलोमीटरच्या चाचणीची सूचना मात्र रास्त आहे. ती माझ्या मनात आली नव्हती.

पहाटेची शिफ्ट

दोन्ही बाजू वाचल्या. घाटपायरी यांची ‘हातातली’ लक्ष्ये त्यांना वाटतात तितकी निरुपद्रवी नाहीत, एवढे सांगण्यासाठी लिहिते आहे.

मी पन्नाशी ओलांडल्यावर धावू लागले. रंकाळ्याभोवती फेऱ्या मारते. वेळेच्या भानगडीत पडायचेच नाही, असे पहिल्यापासून ठरवले होते आणि आठवड्यातून चार दिवस धावायचे एवढेच लक्ष्य ठेवले होते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर धावलेल्या दिवशी लाल पेनाने बरोबरची खूण करत असे. नऊ आठवडे एकही खूण चुकली नाही. दहाव्या आठवड्यात अंगात ताप होता आणि चौथी खूण बाकी होती. घरातले सगळे नको म्हणत असताना मी आठ किलोमीटर धावून आले, कारण चौकोन रिकामा राहिलेला मला पाहवत नव्हता. त्यानंतर तीन आठवडे जिना चढतानाही दम लागत होता. त्या वेळी माझ्या हातात घड्याळ नव्हते, स्ट्राव्हा नव्हते, वेळेचा कोणताही आकडा नव्हता. तरीही मी तेच केले, जे आपण नडगी दुखत असताना केले.

तेव्हापासून मी लक्ष्य लिहिते त्याच कागदावर ते कधी सोडायचे हेही लिहिते. ताप असेल तर धावायचे नाही. दुखण्यामुळे पाऊल वाकडे पडू लागले तर त्या दिवशी परतायचे. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा बरीच जलद असेल तर फक्त चालायचे. लांब धाव बुडाली तर ती पुढच्या आठवड्याच्या धावेत मिसळायची नाही, बुडाली म्हणजे बुडाली. हे नियम धडधाकट असताना लिहावे लागतात, कारण प्रत्यक्ष त्या सकाळी आपण आपल्याशी फार गोड बोलतो.

लक्ष्य बदलण्याला हार समजणाऱ्यांनी माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर यांच्याकडे पाहावे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिल्या आल्यावर त्या 3000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, वळल्या. 2014 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांना त्या शर्यतीत कांस्यपदक मिळाले आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या.

तीन डबे

आमच्या गटात सरसकट तीन लक्ष्ये ठेवतात: सगळे जमून आले तर 2:10, साधारण दिवस असला तर 2:20 आणि काहीच जमले नाही तर हसत शेवटची रेषा ओलांडणे. त्यामुळे दोघांचेही समाधान व्हावे.

पेडररोडचा चढ

माझे होत नाही. तिसऱ्या लक्ष्याचा डबा आधीच भरून ठेवला की पंधराव्या किलोमीटरला भूक त्याचीच लागते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार संशोधकांनी पूर्ण मॅरेथॉनच्या वेळांच्या सुमारे एक कोटी नोंदी तपासल्या. त्यांना असे दिसले की तीन तास, साडेतीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या किंचित आत पोहोचणारे लोक आकडा किंचित ओलांडणाऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त असतात. शेवटच्या टप्प्यात आकडा माणसाला ओढून नेतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

ताईंचे सोडण्याचे नियम मात्र मी उतरवून घेतले. वेळेचे लक्ष्य ठेवणाऱ्यालाही ते तितकेच लागू पडतात.

घाटपायरी

त्या अभ्यासातली माणसे शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेली होती. अकराव्या आठवड्यात नडगी धरून बसलेले त्या एक कोटीत नाहीत.

तरीही माझी भूमिका पूर्वीइतकी ताठ राहिलेली नाही. ‘आठवड्यातून चार सकाळी’ याऐवजी आता ‘तीन किंवा चार’ असे करतो आणि ताप, पाऊल आणि नाडीचे नियम त्याच कागदावर लिहून देतो. येत्या रविवारी सहकाऱ्याला सपाट रस्त्यावर 10 किलोमीटरची चाचणी द्यायला लावणार आहे. तिच्यातून निघणारा अंदाज मी माझ्या वहीत लिहून ठेवीन. त्याची हलकी धाव किती मंद असावी हे मी त्यावरून ठरवीन, पण तो आकडा बारावा आठवडा उलटेपर्यंत त्याला सांगणार नाही. सपाटीवरचा आकडा यवतेश्वरच्या घाटात जसाच्या तसा चालणार नाही, हेही तेव्हाच समजावून सांगता येईल.

पेडररोडचा चढ

चाचणी तो देणार, धावणार तो, आणि आकडा आपल्या वहीत. मग हे लक्ष्य त्याचे की आपले? त्याने पहिल्याच दिवशी ‘किती वेळेचे टार्गेट ठेवू’ असे स्वतःहून विचारले होते, हे आपणच लिहिले आहे. रविवारी चाचणी संपल्यावर आकडा हवा की नको, एवढे तरी त्यालाच विचारावे.