मदत हवी आहे: ३४ किलोच्या वयस्कर कुत्र्यासाठी न डगमगणारं, उंची बदलता येणारं ग्रूमिंग टेबल

नमस्कार मंडळी,

आमचा भोला गोल्डन रिट्रीव्हर आहे, वय ९ वर्षं, वजन ३४ किलो. राहतो विक्रोळीला, कन्नमवार नगरात, दुसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही. हे आधीच सांगते, कारण जे काही घेऊ ते जिन्यानेच वर न्यायचंय आणि वळणावर जिना जेमतेम अडीच फूट आहे.

गेल्या वर्षापर्यंत त्याचं सगळं मी जमिनीवर बसून करत होते. पावसाळ्यात तर रोजच हात लावावा लागतो. गोल्डनचे केस दुपदरी, वर लांब केस आणि खाली दाट मऊ लव. ही लव एकदा भिजली की मुंबईच्या दमट हवेत सुकता सुकत नाही. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं, बोटं आत घातली की गारेगार ओल. मग तिथे खाज सुटते, तो चाटत बसतो आणि सकाळी उठून बघावं तर रुपयाएवढी ओली जखम. दोन पावसाळे हे झालं. म्हणून बाहेरून आला की टॉवेल, ड्रायर, कंगवा, मग कान, शेवटी पंजांच्या बोटांमधल्या फटी. पाऊण तास सहज जातो. मी आता ५२ वर्षांची आहे, कंबर धरून उठावं लागतं. डॉक्टरांनी वाकून काम करायला सक्त मनाई केली आहे.

म्हणून गेल्या वर्षी त्याला वर उभं करून विंचरायला घडीचं टेबल घेतलं होतं. यंदा जूनमध्ये त्याच्या मागच्या मांडीवरची गाठ सोडवत होते, त्याने अंग झटकलं आणि एका पायाची कडी सुटली. टेबल एकदम तिरकं झालं. मी छातीखाली हात घातला म्हणून तो आदळला नाही, पण त्याची नखं रबरावरून घासत गेली तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नंतर टेबल उलटं करून पाहिलं. कडीचे स्क्रू ज्या फळीत होते ती दाबलेल्या भुश्याची, ओल खाऊन फुगलेली. स्क्रू बोटाने निघाला. तेव्हापासून टेबल उघडल्याचा आवाज आला की भोला पलंगाखाली जाऊन बसतो. माझ्या हातांवर विश्वास ठेवून उभा राहणारं जनावर आहे ते, त्यामुळे या वेळी मला चूक करायची नाही.

आणखी एक अडचण. त्याच्या मागच्या खुब्यांची झीज झाली आहे, उडी मारायला बंदी आहे. उचलायचा तर दोन माणसं लागतात आणि दिवसा घरात मी एकटीच असते.

मी पाहिलेले पर्याय असे. एक, पायाने पंप करायचं हायड्रॉलिक, सलूनच्या खुर्चीसारखं. दुसरं विजेवर चालणारं, ते अगदी फूटभर उंचीपर्यंत खाली येतं म्हणतात, पण महाग आहे आणि ओल्या कुत्र्याजवळ वीज म्हटलं की मला धास्ती वाटते. तिसरा पर्याय म्हणजे फॅब्रिकेटरकडून बनवून घेणं.

हायड्रॉलिक टेबल काही वर्षं वापरलेलं कुणी आहे का? ते वजनाखाली हळूहळू खाली बसतं असं ऐकलं, खरं का? आणि दुकानात उभं राहून टेबलाची मजबुती ओळखायची कशी? ‘१०० किलो क्षमता’ असं सगळ्याच टेबलांवर लिहिलेलं असतं, माझ्या जुन्यावरही होतं.

प्रतिसाद १

ताई, मी ठाण्यात ११ वर्षं ग्रूमिंग करतो. आधी क्षमतेचं सांगतो. तो आकडा बहुतेक वेळा मधोमध ठेवलेल्या स्थिर वजनाचा असतो. कुत्रा कडेला सरकतो, अंग झटकतो, एका कोपऱ्यावर सगळा भार टाकतो. म्हणून दुकानात टेबल पूर्ण उंचीवर न्यायला सांगा आणि कोपरा धरून आडवं हलवा. वरची फळी बोटभर जरी डुलली तर सोडून द्या. खालचा पाया किती पसरलेला आहे तेही बघा. पाया अरुंद आणि वर चार फुटांची फळी असलं टेबल कोपऱ्यावर भार पडला की कलतं.

खाली बसण्याचं ऐकलं ते खरं आहे. पंपातलं तेल अडवणारं रबरी सील झिजलं की तेल गळतं आणि टेबल उतरत जातं. त्यावर ३०-४० किलो वजन ठेवा, टेपने उंची मोजा, अर्ध्या तासाने परत मोजा. दुकानदार एवढा वेळ देत नसेल तर तिथे घेऊच नका. सील बदलून मिळतं का आणि कोण बदलतं, हे बिल करण्याआधी विचारा.

आता मुख्य मुद्दा. लोक टेबल किती वर जातं ते बघतात. मोठ्या कुत्र्याला ते किती खाली येतं हे बघायचं. भोलाची खांद्याची उंची साधारण २४ इंच धरा. तो ३० इंचांच्या टेबलावर उभा राहिला तर पाठ ५४ इंचांवर, म्हणजे जवळजवळ तुमच्या खांद्याशी. पाठीवर काम करताना तुमचे दंड भरून येतील. तुमचं कोपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. पाठ विंचरताना त्याची पाठ त्या आसपास हवी, आणि पंजे व पोट करताना टेबल वर घ्यायचं. खांबाचं हायड्रॉलिक २० इंचांच्या खाली सहसा जात नाही, म्हणजे भोलाला रुंद पायऱ्या किंवा उतरती फळी लागणारच. बजेट असेल तर खरं सांगतो, खुबे दुखणाऱ्या कुत्र्याला विजेचंच बरं. अर्थिंग नीट करून घ्या आणि प्लग भिंतीवर उंच ठेवा.

गळ्याचा लूप, म्हणजे कुत्रा जागेवर राहावा म्हणून टेबलाच्या दांड्याला बांधतात तो पट्टा, लावलात तर एक क्षणही पाठ फिरवू नका. दाराची बेल वाजली तर आधी लूप काढायचा, मग दार. कुत्रा घसरला तर तो फासच होतो.

प्रतिसाद २

मी भांडुपला बनवून घेतलं आहे, स्थिर उंचीचं. उंची बदलणारी यंत्रणा मात्र स्थानिक माणसाकडून करून घेऊ नका, त्यात ढिलेपणा राहतो. पण तयार टेबलाची फळी बदलून घेता येते. मरीन प्लाय, म्हणजे पाणी सोसणारं प्लायवूड घ्या, त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ चा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड नको, तो ओल सोसतो, सततचं पाणी नाही. चारही कडा रंगवून बंद करा, पाणी कडेतूनच शिरतं. वर रेघांचं रबर, नागदेवी स्ट्रीटला मीटरवर मिळतं. जोडाला स्क्रू नको, आरपार नट-बोल्ट घाला. आणि पायांना खालून फिरवून कमी-जास्त करायचे बोल्ट हवेत. आपल्या घरांत लादी मोरीकडे उतरती असते, चांगलं टेबलही तिथे डुगडुगतं.

धागा काढणारीचा प्रतिसाद

दादा, तुम्ही सांगितल्यावर लगेच मोजलं. माझं कोपर ३८ इंचांवर, भोलाची पाठ २३ वर. म्हणजे मला १५ इंचांपर्यंत खाली येणारं हवं होतं आणि मी ३० इंचांचं आणून बसले होते! वर्षभर दंड का दुखत होते ते आज कळलं.

घरात बोलणं झालं. थोडे पैसे साठवून विजेचंच घ्यायचं, पाया आणि फळी सुटी होऊन जिन्याने नेता येईल असं. तोवर मरीन प्लायची फळी करून घेते आहे, ती पुढे त्याच टेबलावर बसवता येईल. शनिवारी नागदेवीला जाणार आहे. रबर किती मिलीमीटर जाडीचं घ्यायचं?

जुन्या टेबलाचं रबर काढून सध्या हॉलमध्ये जमिनीवर अंथरलंय. पहिले दोन दिवस भोला त्याला वळसा घालून जात होता. काल त्याच्यावर दहीभाताची वाटी ठेवली. पुढचे दोन पाय रबरावर, मागचे लादीवर ठेवून त्याने वाटी चाटून पुसून साफ केली. आज मागचे पायही आले. टेबल आल्यावर हीच सवय वरपर्यंत कशी न्यायची, किती दिवस नुसतं खालच्या उंचीवर उभं करायचं, हे कुणी केलं असेल तर नक्की लिहा.