मदत हवी आहे : ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’ आलेल्या बाईला नेमकं सांगायचं कसं?

नमस्कार. मी मिडवाइफरीचं (बाळंतपणाच्या नर्सिंगचं) प्रशिक्षण घेतेय, शेवटचे काही महिने उरलेत. इथे नेहमी वाचते, लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात गरोदर बायकांच्या ओपीडीत होते. ३१ वर्षांची पहिलटकरीण, साडेबारा आठवडे. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) मिळून आलेला रिपोर्ट माझ्या हातात. सिनिअर सिस्टर लेबर रूममध्ये अडकलेल्या. रिपोर्टवर ‘डाऊन सिंड्रोम (म्हणजे एक गुणसूत्र जास्तीचं असणं) : स्क्रीन पॉझिटिव्ह, १:१४०’. मी छापलं होतं तेच वाचलं, ‘ताई, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, पुढच्या तपासण्या कराव्या लागतील.’ तिने विचारलं, ‘म्हणजे बाळ मतिमंद आहे?’ मी म्हणाले, ‘नाही, तसं नक्की नाही, पण…’ आणि अडखळले. तिने माझ्या त्या ‘पण’लाच उत्तर मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. ‘पाडायचं असेल तर किती दिवस हातात आहेत?’

निदान झालेलंच नव्हतं हो! परीक्षेत स्क्रीनिंग आणि डायग्नोस्टिक यातला फरक मी चार ओळींत लिहून आले असते, पण समोरच्या बाईला तो मराठीत सांगता आला नाही. १:१४० हा आकडा कसा समजावता? एनआयपीटी (आईचं रक्त घेऊन त्यातल्या डीएनएवरून करायची चाचणी) ‘९९ टक्के अचूक’ म्हणतात, मग त्यानंतरही पोटात सुई कशासाठी? आणि हे सगळं चाचणीच्या आधी सांगायचं की नंतर? ती या शुक्रवारी पुन्हा येणार आहे.

प्रतिसाद १

हा विषय डॉक्टरांचा आहे. तुम्ही ‘डॉक्टर सांगतील’ म्हणून मोकळं व्हायचं होतं. उगाच अंगावर कशाला घेता?

धागाकर्ती

डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची होती. मी गप्प बसले असते तर तिने माझा चेहरा वाचला असता, आणि तो रिपोर्टपेक्षा वाईट होता.

प्रतिसाद २

या कामात वीसेक वर्षं झाली. पहिल्या प्रतिसादाशी सहमत नाही. निदान डॉक्टरांनी करावं हे खरं, पण स्क्रीनिंगला हो की नाही हे बाई बहुतेक वेळा आपल्याशी बोलून ठरवते. म्हणजे अर्थ सांगणंही आपल्याकडेच आलं.

मी ‘स्क्रीनिंग’ आणि ‘डायग्नोस्टिक’ दोन्ही शब्द बाजूला ठेवते आणि ‘चाळणीची चाचणी’ आणि ‘खात्रीची चाचणी’ म्हणते. चाळणीत जे वर राहतं ते सगळे खडे नसतात, आणि एखादा बारीक खडा खालीही पडतो. हे दुसरं वाक्य बहुतेक जण गाळतात. मग ‘निगेटिव्ह’ आलेल्या बाईला वाटतं हमीपत्र मिळालं. अठरा ते वीस आठवड्यांची मोठी सोनोग्राफीसुद्धा चाळणीच आहे, तिच्यातूनही गोष्टी निसटतात.

आता १:१४०. नुसतं गुणोत्तर कोणाच्याही डोक्यात बसत नाही. मी सांगते, ‘अगदी तुमच्यासारखाच आकडा आलेल्या १४० बायका एका ओळीत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, १३९ जणींच्या बाळांना नसेल. तुम्ही कुठल्या जागी उभ्या आहात हे ही चाचणी सांगू शकत नाही.’ दोन्ही बाजू म्हणायच्याच. नुसतं ‘१४० मध्ये एक’ म्हटलं की बाई स्वतःला तो एक समजते, नुसतं ‘१३९ ठीक’ म्हटलं की आपण तिची समजूत काढतोय असं तिला वाटतं.

हे तुमच्यासाठी, तिच्यासाठी नाही : एनटी आणि रक्त मिळून ही चाळणी डाऊन सिंड्रोमची सुमारे ८५ ते ९० टक्के बाळं पकडते, आणि त्यासाठी साधारण ५ टक्के निरोगी गर्भांनाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणते. दहा हजार गरोदर बायका घ्या. त्यांतल्या वीस गर्भांना डाऊन सिंड्रोम आहे असं धरू. चाळणी अठरा पकडेल, आणि सोबत जवळजवळ पाचशे निरोगी गर्भही वर राहतील. म्हणजे साधारण तीस ‘पॉझिटिव्ह’ बायकांत एकीच्या बाळाला खरोखर डाऊन सिंड्रोम. तुमच्या बाईने उरलेल्या एकोणतीस जणींबद्दल ऐकलंच नाही.

एनआयपीटीचा घोळ इथेच आहे. ९९ टक्के म्हणजे ‘असलेल्या शंभरांतली ९९ पकडते’. ‘पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांत ९९ना असतं’ असा त्याचा अर्थ नाही. चुकून पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण हजारात एक धरा. १:१४० वाल्या १४,००० बायकांनी ही चाचणी केली, तर खरे पॉझिटिव्ह ९९ आणि चुकीचे १४. वाईट नाही. पण तीच चाचणी १:१००० वाल्या दहा हजार जणींनी केली तर खरे साधारण दहा आणि चुकीचेही दहा! कागद तोच, पण इथे पॉझिटिव्ह आलेल्या दोघींत एकीचाच खरा. शिवाय त्या रक्तातला डीएनए बाळाच्या अंगातून नाही, वारेतून (प्लासेंटातून) येतो, आणि कधी कधी दोष वारेतच असतो, बाळात नसतो. म्हणून एनआयपीटी कितीही चांगली असली तरी चाळणीच. कायमचा निर्णय तिच्यावर घ्यायचा नाही.

खात्रीच्या चाचण्या दोन. वारेचा नमुना, म्हणजे सीव्हीएस, ११ ते १४ आठवड्यांत. गर्भजलाची तपासणी १५ आठवड्यांनंतर. पूर्वी ‘शंभरात एकीचा गर्भपात होतो’ असं सांगायचे. अनुभवी हातांत हा वाढीव धोका ०.५ टक्क्यापेक्षा कमी धरला जातो, पण शून्य नाही, आणि हे सही घेण्याआधी सांगायचं. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका. घाईचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो, पूर्ण गुणसूत्रांचा दोन-तीन आठवड्यांनी.

आणि यांतलं काहीही न करणं हासुद्धा पर्याय आहे. तो मोठ्याने म्हणा, नाहीतर तिला वाटतं पट्टा सुरू झालाय आणि उतरायची सोय नाही.

प्रतिसाद ३

मी त्या खुर्चीत बसलेय, टेबलाच्या पलीकडच्या. माझा आकडा १:९० होता. गर्भजल तपासलं, सगळं ठीक निघालं, मुलगी आता शाळेत जाते. पण सांगायचंय ते वेगळंच. चाचणीआधी मला कोणी काही विचारलंच नाही. ‘रूटीन ब्लड आहे’ म्हणून हात पुढे करायला लावला. रिपोर्ट आल्यावर कळलं की मी एका प्रश्नाला उत्तर दिलंय, जो मला कधी विचारलाच नव्हता. तुम्ही विचारलंय की आधी सांगायचं की नंतर. आधी, हो. नंतर मला फक्त आवाज ऐकू येत होता, शब्द नाहीत.

गर्भजलाच्या रिपोर्टची वाट पाहताना मी पोटावर हात ठेवायची थांबले होते. त्या दिवसांत कोणी तरी फोन करून नुसतं ‘रिपोर्ट अजून आलेला नाही, आला की लगेच कळवते’ एवढं म्हणालं असतं तरी चाललं असतं.

प्रतिसाद ४

लॅबमध्ये काम करतो. रिपोर्टआधी फॉर्म बघा, कळकळीने सांगतोय. १:१४० हा आकडा रक्तातून थेट निघत नाही. पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी ही आईच्या रक्तातली दोन द्रव्यं मोजतात, तेवढ्याच दिवसांच्या गरोदर बायकांच्या मधल्या आकड्याशी तुलना करून ती त्याच्या किती पट आहेत (एमओएम) ते काढतात, मग वय, एनटी, वजन, धूम्रपान, मधुमेह, जुळं आहे का, आयव्हीएफ आहे का, हे सगळं घालून सॉफ्टवेअर आकडा देतं. डाऊन सिंड्रोममध्ये पॅप-ए साधारणपणे कमी असतं आणि बीटा एचसीजी जास्त. पण जाड बाईच्या शरीरात रक्त जास्त, त्यामुळे पॅप-ए तसंही पातळ दिसतं. वजनाचा रकाना रिकामा राहिला तर तिच्यावर अन्याय होतो. दिवस पाळीच्या तारखेवरून न धरता स्कॅनमधल्या बाळाच्या लांबीवरून धरलेत ना, तेही बघा. फॉर्म घाईत भरतात, आणि आमच्याकडे जे येतं तेच आम्ही मशीनला देतो.

प्रतिसाद ५

माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. रागावलो नाही, एकच विनंती. डाऊन सिंड्रोमबद्दल बोलताना ‘धोका’ ऐवजी ‘शक्यता’ म्हणता येईल का? गर्भजलातल्या सुईचा धोका असतो, ते बरोबर आहे. माझा मुलगा धोका नाही. आणि काही आईवडील पाडण्यासाठी नाही, तयारीसाठी खात्री करून घेतात. आम्ही तसंच केलं. जन्मानंतर हृदय तपासायला डॉक्टर तयार होते, कारण अशा बाळांत हृदयाचे दोष बरेच आढळतात. पुढचं काय करायचं हे तिने विचारल्याशिवाय तिच्या तोंडात घालू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवार होऊन गेला.

लॅबवाल्या दादांचं ऐकून आधी फॉर्म काढला. वजनाचा रकाना खरंच कोरा होता. बाई चांगली ऐंशी किलोच्या पुढची आहे. लॅबला फोन केला, त्यांनी पुन्हा गणित केलं, आकडा १:२१० आला. मला वाटलं सुटलो! पण आमच्याकडची रेषा १:२५० ची (शक्यता याहून जास्त निघाली की ‘पॉझिटिव्ह’), म्हणजे कागदावर अजूनही ‘पॉझिटिव्ह’च. काही ठिकाणी ही रेषा १:१५० धरतात, तिथे हीच बाई ‘निगेटिव्ह’ ठरली असती. हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मग बाळात काही बदललं नाही, रेघ कुठे मारायची एवढंच बदललं?’ मी पुस्तकात इतकं नीट कुठे वाचलेलं नाही.

आधी तिला एकच विचारलं, ‘तुम्हाला काय जाणून घ्यायचंय, आणि काय नाही?’ नवरा सोबत होता, त्याने लगेच उत्तर द्यायला सुरुवात केली. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. मोबाइलवर वाचून ती एनआयपीटीबद्दल विचारत होती. ओळीत उभ्या बायकांचा हिशोब कागदावर काढून दाखवला, पॉझिटिव्ह आली तरी खात्रीची चाचणी उरतेच हेही सांगितलं. वजन जास्त असेल तर रक्तात वारेचा डीएनए कमी भरून रिपोर्ट न लागण्याची शक्यता असते, तेही सांगितलं. शेवटी तिने एनआयपीटीच निवडली, सुई आत्ता नको म्हणाली. निकाल यायचाय. मी दोन दिवसांआड फोन करते, ‘अजून नाही’ एवढंच सांगायला.

आता एक छोटी मदत. साखरेच्या चाळणीलाही हेच वाक्य वापरू का? ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन तासाने साखर १४० च्या वर आलेल्या बायका ‘मला डायबेटीस झाला’ म्हणत रडत बाहेर पडतात, आणि खरी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट अजून व्हायचीच असते. मी असं लिहून ठेवलंय :

‘ही फक्त चाळणीची चाचणी आहे. हिने आजार आहे की नाही हे कळत नाही, आणखी तपासायचं का एवढंच कळतं. तपासायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, मी सोबत आहे.’

प्रतिसाद २

साखरेला चालेल, पण शेवटचं वाक्य थोडं बदला. तिथे दुसरी टेस्ट करून घ्या असा सल्ला आपण सरळ द्यायचा, कारण साखर निघाली तर उपचार आहे आणि त्याने आई-बाळ दोघांचं भलं होतं. गुणसूत्रांच्या चाचणीत मात्र आपलं मत आपल्यापाशी.

एचआयव्हीच्या कागदावर पहिल्या टेस्टला लॅबवाले ‘रिअॅक्टिव्ह’ लिहितात आणि दुसऱ्या टेस्टशिवाय ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाहीत, ते कधी बघा. तिथे कोणाला तरी हा शब्द जपून वापरायचं सुचलंय.

आणि ‘फक्त’ काढा. ती रात्रभर जागून आलेली असते, तिला काहीच ‘फक्त’ नसतं.

धागाकर्ती

काढला.