गोल्फमध्ये ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबने) मारलेला चेंडू उजवीकडे वळतो. नेमके काय तपासावे?

प्रश्न
मी उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २२ आहे. आयर्नचे (कमी अंतरासाठीच्या धातूच्या पात्याच्या क्लबचे) फटके बऱ्यापैकी सरळ जातात, परंतु ड्रायव्हर हातात घेतला की चेंडू सरळ निघतो आणि शेवटी उजवीकडे वळून झाडांत शिरतो. तीन मिनिटांत सापडला नाही, तर एका फटक्याचा दंड घेऊन पुन्हा टीवरूनच (पहिला फटका मारण्याच्या जागेवरूनच) मारावे लागते. स्टान्स (उभे राहण्याची ठेवण) डावीकडे वळवून पाहिला, तर वळण वाढलेच. काय चुकते आहे?

उत्तर १
चेंडू सरळ निघतो, ही माहिती फार मोलाची आहे. तो कोणत्या दिशेने सुटणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबफेस (क्लबची चेंडूवर आदळणारी बाजू) जिकडे रोखलेला असतो त्यावरून ठरते, तर पुढे तो किती वळणार हे फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातील फरकावर अवलंबून असते. म्हणजे आपला फेस जवळपास नीट आहे, पण स्विंग बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून आपल्या अंगाकडे, येतो आहे. स्टान्स डावीकडे वळवल्याने स्विंगचा मार्ग आणखी डावीकडे गेला. प्रथम खांदे तपासावेत. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवताना ते नकळत उघडतात, म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे वळतात. माझे खांदे कित्येक महिने उघडे होते आणि पाय सरळ असल्यामुळे मला ते कळलेच नाही.

उत्तर २
खांद्यांचे म्हणणे पटते, तरीही स्विंगला हात लावण्याआधी चेंडू फेसवर कुठे लागतो ते पाहावे, कारण हीलकडे (फेसच्या दांड्याजवळच्या भागाकडे) लागलेला चेंडू चांगल्या स्विंगनंतरही उजवीकडे वळतो. ड्रायव्हिंग रेंजवर फेसला अंगाला लावायच्या पावडरचा पातळ थर द्यावा, म्हणजे प्रत्येक फटक्याची गोल खूण स्पष्ट उमटते. सामन्यात मात्र हे करू नये. फेसला काही लावून फटका मारणे नियमबाह्य आहे.

उत्तर ३
सुधारणा होईपर्यंत टीच्या उजव्या कडेला चेंडू ठेवून फेअरवेच्या (मैदानातील कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या भागाकडे नेम धरावा. अरुंद होलवर थ्री-वूड (ड्रायव्हरपेक्षा थोडा आखूड क्लब) घ्यावे. त्याचा लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) जास्त असल्याने वळण कमी होते, आणि अंतर थोडे घटले तरी दुसरा फटका गवतावरून मारता येतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज पावडर लावून वीस चेंडू मारले. चौदा खुणा हीलकडे होत्या. चेंडूपासून बोटभर दूर उभा राहून, खांदे पायांच्या रेषेत आणल्यावर शेवटच्या पाचांपैकी तीन खुणा मधोमध आल्या, आणि ते तिन्ही चेंडू जवळपास सरळ गेले.