पिलरमध्ये लिंक काढलेली, नकाशात मात्र सगळं जोडलेलं: क्यूजीआयएसमध्ये एलटी नेटवर्क कसं मांडावं?

विटावा_कळवा

नमस्कार मंडळी. मी विटाव्याची. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, आणि तीन वर्षं एका सब-कॉन्ट्रॅक्टरकडे वीज वितरणाच्या नकाशांचं काम करते. सध्या कोपरखैरणेच्या एका सेक्टरचं एलटी (लो टेन्शन, घरापर्यंत येणाऱ्या कमी दाबाच्या विजेचं) नेटवर्क क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतेय. 22 केव्हीच्या आरएमयूपासून (रिंग मेन युनिट, उच्च दाबाच्या स्विचची पेटी) रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर, रोहित्रापासून फीडर पिलर (रस्त्याकडेची वीज वाटणारी पेटी), पुढे मिनी पिलर आणि शेवटी ग्राहकाचं मीटर. सिडकोच्या बैठ्या घरांची वस्ती आहे, आता बहुतेक घरांवर दोन-तीन मजले चढलेत. एकेका पिलरमधून किती सर्व्हिस (घरांच्या जोडण्या) निघतात हे दार उघडल्याशिवाय कळत नाही.

चित्र काढायला काही अडचण नाही. रेषा बिंदूला चिकटते, टोपॉलॉजी चेकरमध्ये लोंबती टोकं दिसतात, ती मी साफ केली. अडलंय ते ट्रेसवर, म्हणजे जोडणीचा माग काढण्यावर. रोहित्र निवडलं की त्याच्यावर चालणारे ग्राहक तेवढे रंगले पाहिजेत. डेटा पोस्टजीआयएस या डेटाबेसमध्ये नेऊन पीजीराउटिंग या त्याच्या जोडणी शोधणाऱ्या एक्स्टेंशनने ट्रेस चालवला, तर एका रोहित्रापासून निघालेला रंग चार रोहित्रं गिळून बसला.

कारण मला दिसतंय, उपाय दिसत नाही. इथल्या बऱ्याच फीडर पिलरमध्ये दोन रोहित्रांच्या केबल येतात. एक चालू असते, दुसरीच्या लिंक (जोड पूर्ण करणाऱ्या, काढता येणाऱ्या पट्ट्या) काढून ठेवलेल्या असतात, अडचणीला वापरायच्या म्हणून. माझ्या नकाशात पिलर म्हणजे एक बिंदू आणि दोन्ही केबल त्या बिंदूला टेकलेल्या. सॉफ्टवेअरला काढलेली लिंक कुठून दिसणार? शिवाय रस्ता ओलांडताना केबल एकमेकींवरून जातात, तिथेही जोड तयार झालेत.

हे मला का टोचतंय ते सांगते. मागच्या जुलैत एका केबलचा जॉइंट गेला म्हणून शटडाऊन घेतला होता. कुठले पिलर बंद होतील याची यादी आमच्या नकाशावरून काढलेली. मी छत्री धरून शेजारी उभी होते. लाईनमन दादांनी पिलरचं दार उघडलं, हात घालण्याआधी सवयीने टेस्ट लॅम्प लावला आणि दिवा पेटला. ते एवढंच म्हणाले, "ताई, हा पलीकडच्या डीपीवरून चालू आहे." डीपी म्हणजे रोहित्र. यादीत तो पिलर बंद होता आणि ती यादी मी छापली होती. त्या दिवसापासून ट्रेस बरोबर आल्याशिवाय एकही पान छापायचं नाही असं ठरवलंय. म्हणून विचारते, पिलर आणि आरएमयू नक्की कसे मांडायचे?

घणसोली_सर्वे

ताई, पिलर फोडा. एका बिंदूत तो मावत नाही. मी असं करतो: पिलरचा छोटा चौकोन, आत बसबारची (सगळ्या जोडण्या जिच्यावर येतात ती पट्टी) एक बारीक रेषा, आणि प्रत्येक वे (केबल जोडायची जागा) साठी एक वेगळा स्विचचा तुकडा. केबल त्या तुकड्याच्या बाहेरच्या टोकाला चिकटवायची, बसबारला नाही. आरएमयूलाही तेच. तीन वे असतील तर रिंगचे दोन आयसोलेटर आणि रोहित्राकडे जाणारा एक ब्रेकर, तिन्ही वेगळे.

खरा पिलर जेमतेम मीटरभर रुंद, त्यामुळे हे तुकडे 20-30 सेंटिमीटरच्या अंतराने काढावे लागतात. 1:200 पेक्षा जवळ गेल्यावरच दिसतील असा नियम लावा, म्हणजे लांबून नकाशा स्वच्छ राहतो.

आणि फोनच्या जीपीएसवर पिलरची जागा धरली असेल तर तीन-चार मीटर इकडेतिकडे गृहीत धरा. अरुंद गल्लीत तेवढ्यात पिलर समोरच्या घराच्या ओट्यावर जातो. मी टेप लावून जवळच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन मापं घेतो.

पीजी_ऐरोली

वरचं बरोबर आहे, पण मुळाशी जाऊ. रेषा टेकली म्हणजे वीज जोडली, हे गृहीतकच सोडून द्या. वीज कंपन्यांच्या डेटासाठी सीआयएम नावाचं मॉडेल आहे, आयईसी 61970 आणि 61968 या मानकांत. त्यात प्रत्येक उपकरणाला टर्मिनल म्हणजे जोडायची टोकं असतात, आणि टर्मिनल जोडणी-नोडवर म्हणजे सांध्यावर येतात. केबलला दोन टर्मिनल, स्विचला दोन. तो स्विच नकाशात कुठे काढलाय याचा जोडणीशी संबंध नाही. तुम्हाला अख्खं मानक राबवायची गरज नाही, एवढी कल्पना उचला.

टेबलात केबलला "कुठून नोड" आणि "कुठे नोड" असे दोन रकाने ठेवा. पिलर ही फक्त पेटी. आत बसबारचा एक नोड, प्रत्येक वे च्या बाहेरच्या टोकाला एक नोड, आणि दोघांच्या मध्ये स्विचची कडा. तिच्यावर दोन स्थिती: नेहमीची आणि आत्ताची. दोन्ही लागतात.

आता तुमचा ट्रेस. पीजीराउटिंगमध्ये ज्या कडेचा कॉस्ट (तिच्यावरून जायची किंमत) उणे असतो ती कडा जाळ्यात धरलीच जात नाही. उघड्या (लिंक काढलेल्या) स्विचला कॉस्ट आणि उलट दिशेचा कॉस्ट, दोन्ही उणे एक करा. एकच केलात तर ती कडा एकेरी रस्ता बनते आणि ट्रेस मागच्या दाराने आत शिरतो. हे मी दोन दिवस वाया घालवून शिकलोय.

रस्त्यावरचे खोटे जोड बहुतेक नोडिंगमुळे आलेत. ती पायरी जिथे जिथे रेषा छेदतात तिथे तिथे त्यांचे तुकडे करते. गाड्यांच्या रस्त्यांना ते ठीक, केबलला नाही. ती पायरी काढून टाका. खरा टी-जॉइंट असेल तर तो स्वतःचा बिंदू म्हणून नोंदवा आणि तिथेच केबल तोडा.

एक विचारू? टॉलरन्स (किती अंतरातली टोकं एक धरायची) किती ठेवलाय, आणि डेटा अक्षांश-रेखांशात आहे का?

विटावा_कळवा

हो, 4326 मध्येच, म्हणजे अक्षांश-रेखांशातच आहे. टॉलरन्स 0.00001. एका ट्युटोरियलमध्ये तसं होतं, तेच ठेवलं.

पीजी_ऐरोली

मग तिथेच अर्धा घोटाळा आहे. 0.00001 अंश म्हणजे जमिनीवर साधारण 1.1 मीटर. पाठीला पाठ लावलेले दोन मिनी पिलर किंवा एका चरात शेजारी संपणाऱ्या दोन केबल, सगळ्यांना त्याने एक नोड करून टाकलं असेल. डेटा यूटीएम 43 उत्तर या मीटरमधल्या प्रणालीत आणा, क्रमांक 32643. मग टॉलरन्स मीटरमध्ये लिहिता येतो, एक सेंटिमीटर ठेवा. कोपरखैरणे त्या झोनच्या मध्यरेषेपासून दोन अंश पश्चिमेला आहे, तिथे लांबीतला फरक किलोमीटरला साधारण 14 सेंटिमीटर पडतो. केबलच्या हिशेबात तो कुठेच लागत नाही.

आणि एक तपासणी रोज चालवा. जोडलेले घटक, म्हणजे आपसात जोडलेल्या भागांचे गट, काढा. एलटीच्या प्रत्येक घटकात बरोबर एक रोहित्र आलं पाहिजे. दोन आले तर कुठली तरी काढलेली लिंक तुम्ही चुकून जोडलेली धरलीय. एकही नाही आलं तर ती घरं तुमच्या नकाशात अंधारात आहेत.

निवृत्त_तंत्रज्ञ_ठाणे

सॉफ्टवेअरमधलं मला कळत नाही. मी 34 वर्षं लाईनवर काढली, ठाण्यात आणि नंतर नवी मुंबईत. ताईंनी लिहिलेला टेस्ट लॅम्पचा प्रसंग वाचला म्हणून लिहितो. त्या लाईनमनला माझा नमस्कार सांगा. रिटर्न सप्लायने (बंद लाईनवर दुसरीकडून उलट आलेल्या विजेने) गेलेले दोन जण मी पाहिलेत.

स्थितीसोबत तारीख लिहा, तारखेशिवाय स्थिती कामाची नाही. पावसाळ्यात केबल गेली की रात्री दोनला लिंक बदलून लोड पलीकडे टाकतात. केबल दुरुस्त व्हायला महिना लागतो, आणि दुरुस्त झाली तरी लोड तिकडेच राहतो, कारण परत फिरवायला पुन्हा शटडाऊन हवा. मे महिन्यात पाहिलेलं ऑगस्टमध्ये खरं असेलच असं नाही.

कुठला पिलर कोणावर आहे हे ओळखायचं तर संध्याकाळी आठच्या सुमाराला टाँग टेस्टर (केबलभोवती लावून करंट मोजायचं यंत्र) घेऊन जा. चालू इन्कमरला (पिलरमध्ये येणाऱ्या केबलला) लोड दिसतो, काढलेल्याला शून्य. सगळ्या सर्किटची बेरीज रोहित्राच्या एलटी रीडिंगशी जुळवा. 630 केव्हीएचं रोहित्र पूर्ण भरलं तर फेजला साधारण 840 अँपिअर देतं, 315 चं 420. तुमचा नकाशा 315 च्या रोहित्रावर हजार घरं दाखवत असेल तर आधी नकाशावर संशय घ्या. तरीही उलगडा नाही झाला तर अधिकाऱ्यांच्या परवानगीने एक सर्किट दोन मिनिटं बंद करून कुठली गल्ली जाते ते बघायचं. जुनी पद्धत आहे, पण खोटं बोलत नाही.

जमिनीत सोडून दिलेल्या मेलेल्या केबलही नोंदवा. खणताना त्या निघतात, आणि नकाशात नसल्या की पोरं त्यालाच चालू केबल समजतात. किंवा उलट, ते जास्त वाईट. आता छतांवर सोलर आणि घरोघर इन्व्हर्टर आहेत, तेही लिहून ठेवा.

आणि पोरी, पिलर स्वतः उघडायचा नाही. ज्याच्याकडे परवानगी आहे तो उघडेल, तू लांबून फोटो घे.

विटावा_कळवा

काका, नमस्कार पोचवला. दादा लाजले.

दहा दिवसांनी लिहितेय, कारण करून बघायचं होतं. डेटा 32643 मध्ये आणला, नोडिंग काढलं, टॉलरन्स एक सेंटिमीटर. एवढ्यावरच चारचे दोन झाले. उरलेल्या दोन रोहित्रांसाठी पिलर फोडायला घेतले. पीजी सरांचे नोडचे रकाने घेतले, पण घणसोलीकरांसारखे तुकडेही काढले. आमची सर्व्हेची मुलं टॅबवर क्यूफील्ड हे क्यूजीआयएसचं ॲप वापरतात, त्यांना बोट ठेवायला काहीतरी दिसावं लागतं. नुसत्या टेबलात ती हरवतात.

ज्या पिलरवर सगळं अडलं होतं तो तुम्हाला दाखवते. नाल्याच्या कडेचा आहे. खाडीच्या हवेने बिजागऱ्या खाल्ल्यात, दार उचलून बाजूला ठेवावं लागतं. आत डावीकडे इन्कमर, त्यावर लाल रंगाने लिहिलेला रोहित्राचा नंबर, अर्धा उडालेला. उजवीकडे दुसरा इन्कमर, त्याच्या तिन्ही फेजच्या लिंक काढलेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेल्या. पिशवीवर मुंग्यांनी माती चढवली होती. म्हणजे ही जागा बऱ्याच महिन्यांत कोणी हलवलेली नाही. मी दोन पावलं मागे राहून फोटो काढला, दादांनी टाँग टेस्टर लावला. डावीकडे लोड, उजवीकडे शून्य. माझ्या जुन्या नकाशात नेमकं उलट होतं. सर्व्हेच्या वहीत "इन्कमर 1, इन्कमर 2" एवढंच लिहिलेलं, आणि एक म्हणजे चालू असं ऑफिसात बसून मी धरलं होतं.

आता प्रत्येक वे ला स्थिती, पाहिल्याची तारीख, कोणी पाहिलं आणि फोटो, असे चार रकाने अनिवार्य केलेत. तारीख 60 दिवसांहून जुनी झाली की तुकडा नारिंगी होतो. ट्रेसमध्ये नारिंगी तुकडा आला तर शटडाऊनच्या यादीत तो पिलर "बंद" असा छापायचाच नाही, "जागेवर तपासा" असं छापायचं. हे मी साहेबांकडून लेखी मान्य करून घेतलं.

घटकांची तपासणी काल रात्री चालवली. दोन घटकांत अजून दोन-दोन रोहित्रं येतात. एका ठिकाणी मला माझीच चूक दिसतेय, बसबारला केबल थेट चिकटवलीय. दुसरीकडे नकाशा बरोबर वाटतो. काका, दोन रोहित्रं एलटीला खरोखरच एकत्र चालवलेली असू शकतात का?

निवृत्त_तंत्रज्ञ_ठाणे

असू शकतात, एकाच खोलीत शेजारी असतील आणि मधला कपलर (दोन्ही बसबार जोडणारा स्विच) टाकलेला असेल तर. पण तुझी दोन वेगळ्या गल्ल्यांत असतील तर नाही चालवत. मग कोणीतरी लिंक परत टाकून दुसरी काढायची विसरलाय. एका बाजूचा एचटी (उच्च दाब) बंद केला तरी रोहित्रातून उलटा 22 केव्ही वर चढतो. हे टेबलावर बसून सोडवायचं नाही. आजच सेक्शन इंजिनिअरना फोन कर आणि तो पिलर दाखव.

विटावा_कळवा

वेगळ्या गल्ल्यांत आहेत. फोन केला. दुपारी चारला जातोय.