वाईट येतं कुठून? प्लोटिनस की प्रोक्लस

आडवाट
सध्या या दोघांना आलटून पालटून वाचतोय. दोघेही नवप्लेटोवादी, म्हणजे प्लेटोचा विचार पुढे नेणारे तत्त्वज्ञ, मध्ये दोनशे वर्षं. कोडं एकच: सगळं जर एका 'शुभा'तूनच पाझरलं, तर वाईट घुसलं कुठून?

प्लोटिनस थेट सांगतो. तो पाझर खाली येता येता आटतो आणि शेवटी उरतं जडद्रव्य. ना रूप, ना माप. मूळ वाईट तेच, आणि जीव त्याच्या नादी लागून बिघडतो. हे ज्या निबंधात लिहिलंय तो निबंध, २७० साली तो वारला त्याच्या थोडासाच आधीचा. त्या अखेरच्या दिवसांत आवाज बसलेला, नजर अंधुक, हातापायांवर व्रण, मित्र टाळू लागलेले. अशा माणसाने वाईटाला 'आहे' म्हटलं, हे मला पटतं. प्रोक्लस मात्र म्हणतो, वाईटाला स्वतःचं अस्तित्वच नाही. ही शुद्ध पळवाट.

निंबोणी
पळवाट कसली? अहो, जडद्रव्यही शुभातूनच आलं ना? मग वाईटाचा बाप शुभच ठरला. नाही म्हणालात तर दोन मूळ तत्त्वं मानावी लागतील, म्हणजे शुभ आणि अशुभ अशी दोन मूळ तत्त्वं मानणाऱ्या मानीच्या पंथात जाऊन बसा. प्रोक्लसने नेमकी ही कोंडी पकडली. जडद्रव्य विश्वाला लागतंच, ते वाईट नव्हे, असं तो म्हणतो. क्रूरपणा सिंहाला वाईट नाही, उलट सिंहाचा कोल्हा झाला तर ते त्याचं वाईट. म्हणजे वाईट हे कुणाचं तरी, कुठल्या तरी संदर्भातलं. चांगल्याच्या अंगावर जगणारं बांडगूळ समजा.

परसबाग
तत्त्वज्ञानातलं मला फार कळत नाही, पण बांडगूळ कळतं. आमच्या आंब्यावरचं दरवर्षी कापतो. फुलटोचा ते फळ खातो, चिकट बी फांदीला घासतो, तिथेच ते रुजतं. त्याला स्वतःची पानं, फुलं, फळं, सगळं असतं. रस तेवढा आंब्याचा. तुमच्या वाईटालाही स्वतःचं बी असेल तर आडवाट जिंकले की!

निंबोणी
😀 उपमा मागे घेते. नेम चुकणं म्हणा. बाण सोडणारा चुकायचं ठरवून सोडत नाही. प्रोक्लसच्या मते वाईटामागे एक ठरलेलं कारण नसतंच, नाना फुटकळ कारणं असतात. कुणीही वागतो ते काहीतरी चांगलं वाटूनच.

पोथीनिष्ठ
जरा अवांतर. प्रोक्लसने हे सगळं ज्यात मांडलं त्या वाईटावरच्या पुस्तकाची मूळ ग्रीक प्रत हरवली. हाती आहे तो मोर्बेकेच्या विल्यमने १२८० साली केलेला लॅटिन अनुवाद, इतका शब्दशः की आतलं ग्रीक दिसतं. आणि 'डायोनिसियस' या टोपणनावाच्या ख्रिस्ती लेखकाने यातलाच युक्तिवाद उचलला होता, ते १८९५ साली दोन जर्मन अभ्यासकांनी दाखवून दिलं. प्रोक्लस ख्रिस्ती नव्हता, म्हणजे हरलेल्या पक्षाचा माल विजेत्यांच्या देवघरात!

आडवाट
हे भारी. पण निंबोणीताई, नेमाचं माणसाच्या वागण्यापुरतं ठीक. तापाने फणफणलेल्या पोराने कुठला बाण सोडला होता?

निंबोणी
प्रोक्लस म्हणेल, अंशाला वाईट ते पूर्णाला स्वाभाविक. एका शरीराचं बिघडणं म्हणजे दुसऱ्या कशाचं तरी घडणं.

आडवाट
हे त्या पोराच्या आईला सांगून बघा.

निंबोणी
आणि तुम्ही काय सांगणार? जडद्रव्य?