खुराड्यात बल्ब लावायचा की झरोका उघडा ठेवायचा?

पिसारा
गेल्या थंडीत मी खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकने गुंडाळलं. एक फट ठेवली नाही. आठवडाभरात सकाळी दार उघडलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे, पत्र्याला आतून थेंब लटकलेले असायचे. कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं आधी पांढरट झाली, मग काळी पडली. दोन हट्टी तलंगा (तरुण कोंबड्या) मात्र उघड्या शेडमध्येच झोपायच्या, त्यांना काही झालं नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कोंबडी थंडीने मरत नाही, ओलीने मरते. मोठ्या पक्ष्यांना उबेसाठी बल्ब नको. पटत नसेल तर भांडा.

उबारा
भांडतोच. तुम्ही गोधडीशिवाय झोपता का?

पिसारा
कोंबडी गोधडी अंगावर घेऊनच जन्मभर फिरते. अंगाचं तापमान जवळपास ४१ अंश, पिसं फुलवली की आत हवा कोंडते, वर शेजारणी चिकटून बसतात. संध्याकाळी पोटभर दाणे मिळाले की रात्रभराची शेगडी आतच पेटलेली.

उबारा
पुस्तकी कोंबडीचं ठीक आहे. माझ्याकडे लेगहॉर्न जातीच्या आहेत, एवढाले तुरे! आणि ऐन थंडीत पिसं गाळून अर्धी उघडी झालेली एखादी असतेच. तिची गोधडी कुठे आहे? वर झरोका उघडा ठेवला तर रात्रभर वारा.

दांडीवर
हवा खेळणं वेगळं आणि झोत लागणं वेगळं, इथेच सगळ्यांची गल्लत होते. झरोका छताखाली, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बराच वर हवा. श्वासाची आणि शिटेची वाफ वर जाते, तिथूनच निघून जाते. दांडीच्या उंचीला लोकरीचा धागा टांगून बघा. तो हलला तर त्या बाजूची फट बुजवा.
आणि दांडी गोल, बारीक नको. चपटी, चांगली रुंद असली की कोंबडी पायांवर बसते आणि बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. (माझ्याकडे पूर्वी लोखंडी नळी होती. आता आठवलं तरी लाज वाटते.)

राखेतून
मी बल्बवाला होतो. २५० वॅटचा लाल दिवा, तारेने बांधलेला. एकीने उडी मारली, तार सुटली, दिवा तुसात. धुराच्या वासाने जाग आली म्हणून पक्षी वाचले. खुराडं गेलं.

उबारा
वाईट झालं. पण तो दोष बांधणीचा.

पिसारा
आणि पहाटे ३ ला वीज गेली तर? उबेला सोकावलेले पक्षी एकदम गारठ्यात. त्यापेक्षा थंडी हळूहळू अंगवळणी पडलेली बरी.

उबारा
मग पिल्लांचंही हेच सांगणार?

पिसारा
छे! पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब हवीच, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पिसं उघडी पडलेलीला आडोशाला वेगळी ठेवा, तेही मान्य. बाकी कळपासाठी दिवा नाही.

उबारा
बरं. आज झरोका उघडतो. दिवा जागेवरच राहील, साखळीने बांधून. तुरे काळे पडले तर फोटो टाकीन.

दांडीवर
त्याआधी खालचं तूस मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर सुटलं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर आजच उपसा, झरोका एकटा पुरणार नाही.